फुकटात काय जमलं असतं?

स्पॅनिशमध्ये ‘मानोस’ म्हणजे हात. त्यामुळे ‘मानोस: द हँड्स ऑफ फेट’ या सिनेमाचं नाव मराठीत आणायचं, तर ते ‘हात: नियतीचे हात’ असं होतं. म्हणजे पिक्चर सुरू व्हायच्या आधी पाटीवरच गडबड. अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासो शहरात १९६६ साली बनलेला हा भयपट आजवरच्या सर्वांत वाईट सिनेमांच्या यादीत हमखास सापडतो. आयएमडीबीवर त्याला दहापैकी दोनच्या आसपास गुण आहेत. मी तो पूर्ण पाहिलाय, आणि एकदाच नाही.

तो वाईट आहे याबद्दल माझा काही वाद नाही. टुकार, भिकार, बेक्कार, मराठीत आहेत ते सगळे शब्द त्याला लागू पडतात. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. एखादी गोष्ट ‘वाईट’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा नक्की कशाचा निकाल देत असतो? खिशातल्या पैशांचा, अंगातल्या कौशल्याचा, की माणसाचा? आणि हे तिन्ही एकाच स्टारमध्ये कोंबून ‘सबमिट’ दाबणं न्यायाचं आहे का?

पैजेवर काढलेला पिक्चर

हॅरॉल्ड पी. वॉरन हा एल पासोमधला विमा आणि खतं विकणारा माणूस. हौशी रंगभूमीवर काम करायचा. पटकथाकार स्टर्लिंग सिलिफंट एका टीव्ही मालिकेसाठी लोकेशन शोधत तिथं आला असताना दोघांची ओळख झाली. भयपट काढणं काही अवघड नाही, मी स्वतःच्या हिमतीवर काढून दाखवतो, अशी पैज वॉरननं लावली आणि कॉफी शॉपमधल्या कागदी नॅपकिनवर तिथंच कथेचा आराखडा लिहायला घेतला, असं सांगतात. सिलिफंटला पुढे ‘इन द हीट ऑफ द नाइट’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं. वॉरननं पैज जिंकली, कारण पिक्चर खरंच पूर्ण झाला. लेखक तोच, दिग्दर्शक तोच, निर्माता तोच, नायकही तोच.

गोष्ट साधी आहे. मायकल, त्याची बायको मार्गारेट, छोटी मुलगी डेबी आणि त्यांचा कुत्रा सुट्टीला निघतात. रस्ता चुकतो. आडरानात एक घर लागतं. तिथं टॉर्गो नावाचा थरथरणारा, गुडघे वाकवून विचित्र चालणारा रखवालदार असतो. घराचा मालक ‘मास्टर’ बाहेर आहे म्हणतात, पण तो ना धड जिवंत ना धड मेलेला. त्याला अनेक बायका आहेत, त्या पांढऱ्या झग्यांमध्ये निजलेल्या. मग त्या जाग्या होतात, आपसांत भांडतात, झोंबाझोंबी करतात. भीती मात्र कुठंच वाटत नाही.

हे सगळं सुमारे १९ हजार डॉलरमध्ये. कॅमेरा १६ एमएमचा, चावीचा. जुन्या घड्याळाला देतात तशी चावी द्यायची, की तो एका दमात जास्तीत जास्त ३२ सेकंद चालणार. त्यामुळे या सिनेमात ३२ सेकंदांपेक्षा लांब शॉट असूच शकत नाही. शूटिंगच्या वेळी आवाज रेकॉर्ड करायची सोय नव्हती. नंतर मोजक्या लोकांनी बसून सगळ्यांचे आवाज भरले. रात्रीच्या प्रसंगांना दिवे इतके तुटपुंजे, की पोलीस गाडीतून उतरतात, दोन-चार पावलं टाकतात, इकडेतिकडे बघतात आणि परत गाडीत बसतात, कारण त्यापुढे उजेडच नाही. दिव्यावर जमलेले पतंग बिनपगारी कलाकारांसारखे फ्रेमभर फिरत असतात.

परिस्थिती आणि निर्णय

‘करायला हवं होतं’ असं म्हणायचं असेल, तर ‘करता आलं असतं’ हे आधी खरं असावं लागतं. हा विचार कान्टच्या नावानं ओळखला जातो. पण तो समजायला जर्मन तत्त्वज्ञान लागत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याकडे विहिरीच्या काठावरच ठरलंय. ज्याच्याकडे ३२ सेकंदांचा कॅमेरा आहे त्याला ‘लांब शॉट का घेतला नाही’ असं विचारण्यात अर्थ नाही.

सर्व्हर पडल्यावर आम्ही सॉफ्टवेअरवाले जो पोस्टमॉर्टेम अहवाल लिहितो, त्याचं सगळं शहाणपण या एका फरकात असतं. काय परिस्थिती होती आणि काय निर्णय होता, हे वेगळं लिहायचं. डिस्क जुनी होती, ही परिस्थिती. अलर्ट बंद करून ठेवला होता, हा निर्णय. दोन्हीमुळे सर्व्हर पडला असेल, पण दोन्हींचं माप एक नसतं. डिस्कवर चिडून उपयोग नसतो. अलर्टबद्दल मात्र कुणालातरी उत्तर द्यावं लागतं.

गरिबीत बनलेल्या कुठल्याही कामाला मी हाच प्रश्न विचारून बघतो: यातलं फुकटात काय जमलं असतं?

‘मानोस’ला हा प्रश्न लावला की पिक्चरचे दोन ढीग होतात. अंधार, पतंग, तुटक शॉट, ओठांशी न जुळणारे आवाज हे सगळं पहिल्या ढिगात. हे गरिबीचे दोष. ते दिसतात, खुपतात, प्रेक्षक म्हणून मला ते सहन करायची सक्तीही नाही. पण त्यांचा ठपका मी वॉरनवर ठेवू शकत नाही.

दुसरा ढीग वेगळा आहे. सुरुवातीला गाडी चालत राहते. चालत राहते. रस्ता, शेतं, पुन्हा रस्ता. कित्येक मिनिटं काहीच घडत नाही. तिथं नामावली टाकायची होती आणि ती राहूनच गेली, असं म्हणतात. एका शॉटच्या सुरुवातीला चक्क क्लॅपबोर्ड दिसतो. हे कापायला पैसे लागत नाहीत, कात्री लागते. नाव धड ठेवायलाही पैसे लागत नाहीत. कुणी चूक दाखवली की वॉरन म्हणायचा, लॅबमध्ये दुरुस्त करू. आमच्या धंद्यात याचं भाषांतर ‘पुढच्या रिलीजमध्ये बघू’ असं होतं. लॅबमध्ये काहीही दुरुस्त होत नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कात्री फुकट असेल, पण कुठं कापायचं हे कळणं फुकट नसतं. कसब कमवायलाही वेळ आणि पैसा लागतो. खरंय. पण कसबाची गरिबी आणि पैशाची गरिबी सारखी नाही. आपल्याकडचे रामसे बंधू घ्या. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला नेऊन, छोट्या चमूत, घरच्याच माणसांच्या जोरावर काढला. पैसा त्यांच्याकडेही बेताचाच होता. पण कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी संकलन अशी खाती भावांनी वाटून घेतली आणि एकेकजण आपापलं खातं शिकला. त्यांचे सिनेमे थोर आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यांत जिथं घाबरायचं तिथं माणसं घाबरायची. वॉरननं पाच माणसांची कामं एकट्याकडे ठेवली, आणि हाही निर्णयच होता.

कुणीच काही का बोललं नाही?

शूटिंगवरची माणसं आपसांत या पिक्चरला ‘मँगोज: कॅन्स ऑफ फ्रूट’ म्हणायची. ‘आंबे: फळांचे डबे’. म्हणजे पिक्चर फसतोय हे त्यांना कळत होतं. विनोद करण्याइतकं स्पष्ट कळत होतं. तरीही सिनेमा पुढे सरकत गेला, तसाच्या तसा.

निकाल देणं म्हणजे निष्ठुरपणा आणि गप्प बसणं म्हणजे दया, अशी आपल्या पिढीत एक समजूत आहे. ‘ज्याची त्याची आवड’, ‘मेहनत तर घेतली ना बिचाऱ्यानं’, ‘निगेटिव्ह नको’. पण ज्या हसण्याला तोंडावर यायची हिंमत होत नाही ते पाठीमागे चालू राहतं आणि शेवटी थिएटरात फुटतं. १५ नोव्हेंबर १९६६ ला एल पासोच्या कॅप्री थिएटरमध्ये प्रीमियर झाला. कलाकारांना आणायला भाड्याची एकच लिमोझिन होती. ती काहींना दारात सोडायची, आणि उरलेल्यांना आणायला चौकाला वळसा घालून परत जायची, असं सांगतात. थाटमाट पुरेपूर. पडद्यावर पिक्चर सुरू झाला आणि थोड्याच वेळात लोक हसायला लागले.

संकलनाच्या टेबलावर एखाद्यानं ‘हे वाईट दिसतंय, कापू या’ म्हटलं असतं तर ते वाक्य वॉरनला लागलं असतं. पण तो खरा उपकार ठरला असता. निकालाची किंमत तो कधी मिळतो यावरही ठरते. कोड रिव्ह्यूमध्ये मिळालेली शिवी प्रॉडक्शनमध्ये मिळालेल्या सहानुभूतीपेक्षा परवडते.

हसू कुठून येतं

पण थिएटरातले ते प्रेक्षक दुष्ट होते का? मला नाही वाटत. आपल्या रसशास्त्रात याचं चांगलं उत्तर आहे. एखादा रस उभा करायचा प्रयत्न होतो, पण तो अस्थानी किंवा अपुरा पडतो, तेव्हा उरतो तो रसाभास. आणि अभिनवगुप्त म्हणतो की कुठल्याही रसाचा असा आभास हास्याकडे घेऊन जातो. म्हणजे भयानक रस फसला की हसू येणं हे प्रेक्षकाच्या स्वभावातलं खोट नव्हे, तो त्या फसण्याचाच परिणाम आहे. तिकीट काढून घाबरायला आलेला माणूस हसला, तर त्यानं कुणाचा अपमान केलेला नसतो. त्यानं प्रामाणिकपणे दाद दिलेली असते, फक्त चुकीच्या रसाला.

आणि हसण्यानंच हा सिनेमा वाचवला, हेही विसरून चालणार नाही. स्थानिक खेळांनंतर तो जवळपास विस्मृतीत गेला होता. जानेवारी १९९३ मध्ये ‘मिस्ट्री सायन्स थिएटर ३०००’ या टीव्ही कार्यक्रमानं तो दाखवला. एक माणूस आणि दोन रोबो वाईट सिनेमे बघत टोमणे मारतात, असा तो कार्यक्रम. त्यानंतर ‘मानोस’ला चाहते मिळाले. त्याचं स्वस्तातल्या कॉप्यांखाली गाडलेलं मूळ रूपही परत मिळालं. २०११ मध्ये बेन सोलोवे या तरुणाला जुन्या फिल्मांच्या खरेदीत त्याची वर्कप्रिंट सापडली. लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यानं ती साफ केली आणि २०१५ मध्ये ती ब्ल्यू-रेवर आली. स्वच्छ झालेल्या चित्रात रंग दिसतात, मास्टरच्या काळ्या झग्यावरचे ते प्रचंड लाल हात नीट दिसतात. इतकी वर्षं आपण ज्याला सिनेमाचा गढूळपणा म्हणत होतो, त्यातला बराचसा कॉपीचा गढूळपणा होता. निकाल देण्याआधी आपल्यासमोर मूळ वस्तू आहे की तिची पन्नासावी झेरॉक्स, हे बघायला हवं, एवढा धडा तरी त्यातून घ्यावा.

म्हणून ‘वाईट सिनेमावर हसू नका’ असा उपदेश मी करणार नाही. माझा आक्षेप हसून झाल्यावर आपण जे थांबतो, त्याला आहे.

हसण्याच्या आड जे लपतं

पिक्चरचा शेवट सांगतो. टॉर्गोचा हात जळतो आणि तो अंधारात पळून जातो. मायकल त्याच्या जागी नवा रखवालदार होतो. आणि मार्गारेट मास्टरची बायको होते. तिच्यासोबत डेबीसुद्धा. शेवटी ती लहानगी त्याच पांढऱ्या झग्यात, त्याच बायकांच्या रांगेत निजलेली दिसते.

पहिल्यांदा बघताना हे लक्षातच येत नाही. तोवर आपण पतंगांवर, पोलिसांवर, टॉर्गोच्या गुडघ्यांवर इतके हसलेलो असतो की डोकं हसण्याच्या मोडमध्ये अडकलेलं असतं. मित्रांबरोबर बघताना तर हा क्षण पुढच्या जोकखाली वाहून जातो. हाच शेवट एखाद्या चकाचक, शंभर कोटींच्या सिनेमात असता, तर? दुसऱ्या दिवशी लेख आले असते, थ्रेड आले असते, दिग्दर्शकाला जाब विचारला गेला असता. भयपटात भयंकर गोष्टी दाखवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. पण ती गोष्ट भयंकर आहे याची सिनेमाला जाणीव असायला हवी. इथं ती नाही. इथं तो फक्त एक झटका आहे, ‘दी एन्ड’च्या आधीचा.

सुसान सॉन्टॅगनं १९६४ मध्ये ‘कॅम्प’ या अभिरुचीवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. गंभीरपणे करायला गेलेली आणि फसलेली गोष्ट आपल्याला का आवडते, ते तिनं त्यात मांडलं. तिनं हेही ओळखलं होतं, की ही अभिरुची नैतिक निवाड्यापासून अंग काढून घेते. ‘इतका वाईट की चांगला’ या लाडक्या वाक्याचं नेमकं हेच होतं. ते सिनेमाला वर चढवतं असं दिसतं, प्रत्यक्षात ते त्याला माफीपत्र देतं. ज्याला आपण गंभीरपणे घेत नाही त्याला जबाबदारही धरत नाही. मोठ्या सिनेमाला आपण विचार विचारतो आणि छोट्याला फक्त तांत्रिक चुका. म्हणजे नेमकं उलटं. तांत्रिक चुका हा पैशाचा भाग आहे. लहान मुलीचं शेवटी काय करायचं, हे ठरवायला एक डॉलरही लागत नव्हता.

पडद्याबाहेरही त्या मुलीची एक गोष्ट आहे. डेबीचं काम करणारी जॅकी नेमन तेव्हा सहा-सात वर्षांची होती. मास्टरचं काम करणारा टॉम नेमन हा तिचा सख्खा बाप. तिचा आवाज एका मोठ्या बाईनं दिला होता. प्रीमियरला पडद्यावर स्वतःच्या तोंडून परका आवाज ऐकला आणि ती रडली, हे तिनं पुढे सांगितलंय. आवाज बदलावा लागणं ही परिस्थिती असेल. पण ‘बाळा, पडद्यावर तुझा आवाज नसणार आहे,’ एवढं एक वाक्य आधी सांगणं फुकट होतं. कलाकारांना नफ्यातला वाटा कबूल केला होता. नफाच झाला नाही, तर वाटा कुठला. जॅकीला एक सायकल मिळाली आणि नेमन कुटुंबाच्या डॉबरमॅनला कुत्र्याच्या खाण्याची पिशवी. बाकी कुणाला काही मिळालं नाही, असं सांगतात.

चूक दिसते तिथं दया असू शकते

आता माझ्याच मापाची मर्यादा सांगतो, कारण ते सरसकट लावलं तर अन्याय करेल.

सिनेमात एक तरुण जोडपं आहे. गाडीत बसून चुंबनं घेत राहतं, पोलीस येऊन हटकतात, थोड्या वेळानं पुन्हा तेच. कथेशी काडीचा संबंध नाही. कापायला फुकट, म्हणून दुसऱ्या ढिगात टाकायला अगदी योग्य. पण त्यातल्या अभिनेत्रीला आधी दुसरी भूमिका होती आणि शूटिंगच्या सुरुवातीलाच तिचा पाय मोडला. तिला घरी पाठवण्याऐवजी वॉरननं बसल्या जागी करता येईल असं काम लिहून दिलं. सिनेमा म्हणून तो दोषच आहे. माणूस म्हणून मात्र वॉरननं फुकटात केलेली ती सगळ्यांत चांगली गोष्ट आहे.

आणि टॉर्गो. जॉन रेनॉल्ड्स या पंचविशीतल्या नटानं ते काम केलं. सगळा सिनेमा बघून लक्षात राहतो तो हाच माणूस. ते थरथरणारे हात, ते ओढत ओढत चालणं, नजरेतली ती लाचारी. टॉर्गो हा अर्धा बोकड आहे अशी मूळ कल्पना होती. पिक्चर ते एकदाही सांगत नाही, त्यामुळे त्याची चाल विनोदी दिसते. पण संहितेनं दगा दिला, तरी त्यानं अंगानं जे करता येईल ते पूर्ण केलं. प्रीमियरच्या साधारण महिनाभर आधी रेनॉल्ड्सनं स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या दुःखाचा धागा सिनेमाच्या यशापयशाशी जोडायचा मोह टाळायला हवा. तेव्हा हसायला अजून कुणी आलंच नव्हतं. पण त्याच्या चालीवर हसताना एवढं लक्षात असावं, की या पिक्चरमधला जो भाग सर्वांत हास्यास्पद वाटतो तोच बहुधा सर्वांत मन लावून केलेला आहे.

म्हणजे ‘फुकटात काय जमलं असतं’ या प्रश्नाला दोन बाजू आहेत. फुकटात जमण्यासारखं असून काय केलं नाही, आणि कुणी सांगितलेलं नसताना, परवडत नसताना काय केलं. पहिल्या बाजूनं दोष मोजायचा. दुसऱ्या बाजूनं माणूस. एका स्टारमध्ये या दोन्ही बाजू मावत नाहीत. म्हणून तो स्टार खोटा नसला तरी अपुरा असतो.

माझा निकाल असा. ‘मानोस’ हा वाईट सिनेमा आहे आणि मला तो आवडतो, या दोन वाक्यांत ‘म्हणून’ नाही आणि ‘तरी’सुद्धा नाही. ती दोन वेगळी वाक्यं आहेत. अंधाराबद्दल मी वॉरनला माफ करतो. खरं तर ते माफ करायचा प्रश्नच नव्हता. गाडीच्या त्या न संपणाऱ्या प्रवासाबद्दल मी त्याच्यावर मनसोक्त हसतो. शेवटाबद्दल मी हसत नाही. मोडक्या पायाच्या त्या भूमिकेबद्दल त्याला, आणि त्या थरथरत्या हातांबद्दल रेनॉल्ड्सला, मी मनापासून गुण देतो. ते गुण आयएमडीबीवर कुठं नोंदवायचे, याची सोय नाही.

वॉरननं पुन्हा सिनेमा काढला नाही. १९८५ मध्ये तो वारला. जॅकी नेमन-जोन्सनं मोठेपणी या सिनेमाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. २०१८ मध्ये ‘मानोस रिटर्न्स’ नावाचा पुढचा भाग आला, तोही चाहत्यांच्या वर्गणीतून, तोही लहानशा बजेटचा. त्यात तिनं पुन्हा डेबीचं काम केलं. या वेळी तिच्या तोंडून तिचाच आवाज येतो.